अंबाडीची दोरी आणि संशयी तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. जेवणाच्या ताटाएवढी, लोखंडी पत्र्याची. माझ्या अंगाचे चार भाग केले आहेत, दोन काळे आणि दोन पांढरे. मधोमध कडी, कडीला दोरी आणि पोटाखाली वजन. पुस्तकात मला सेक्की तबकडी म्हणतात. दिसेनासं होणं हेच माझं काम. डोंग्यातून, म्हणजे छोट्या लाकडी होडीतून, मला हळूहळू पाण्यात सोडतात. वरचा माणूस वाकून बघत राहतो. मी दिसेनाशी झाले की दोरीवरची खूण बघायची, मग मला वर ओढायचं आणि पुन्हा दिसले की तिथली खूण बघायची. त्यावरून पाण्यात उजेड किती खोल जातो ते समजतं. उजेड समजला की शेवाळाचा, पाणवनस्पतींचा आणि माशांचाही थोडाफार अंदाज बांधता येतो.

असलं काम करणाऱ्याचा स्वभाव संशयी झाला तर त्यात नवल काय? काठावर उभा राहून जो तो म्हणतो, "वा, काय नितळ पाणी आहे!" मी आत उतरते आणि हातभर खाली गेले नाही तोच गढूळ अंधार. म्हणून मी कोणाच्या बोलण्यावर विसंबत नाही. तुमच्याही नाही, राग मानू नका.

माझा जन्म चंद्रपुरातल्या खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या एका दुकानात झाला. जाळीतून उरलेल्या पत्र्यातून मला कापलं. गाड्यांचे नंबर रंगवणाऱ्या माणसाने मला रंग दिला आणि "दोन हात मारले, सर" असं विद्यापीठातल्या प्राध्यापकांना सांगितलं. मारला होता एकच हात. माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तिथेच.

सुरुवातीची वर्षं मोठ्या मानाची होती. तळी आणि समुद्र यांतल्या जीवांचा अभ्यास करणारी मुलं मला पाळीपाळीने हातात घेत. एकदा सहलीबरोबर मी कोकणात गेले आणि समुद्र पाहिला. तिथे दोरी सुटत राहिली, सुटत राहिली, तरी मी दिसतच होते. मुलं टाळ्या वाजवत होती. मला मात्र वाटत होतं, हे पाणी एवढं साधं सरळ असेल कशावरून? परत आल्यावर सगळ्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले. नंतर नवी यंत्रं आली. नळी पाण्यात बुडवली की आकडा काचेवर उमटतो. मला कपाटावर टाकलं. पुढे प्रयोगशाळेतल्या शिपायाला माठावर ठेवायला झाकण सापडेना, तेव्हा त्याने मला धुऊन माठावर ठेवलं. समुद्र पाहिलेल्या तबकडीने माठ झाकायचा! त्या अपमानात मी काही वर्षं काढली. नायलॉनची माझी दोरी त्या काळात उंदरांनी खाल्ली.

माठावरून मला उचललं दिव्यानीने. ही आरमोरीकडची मुलगी, धान पिकवणाऱ्या घरातली. शेवटच्या वर्षासाठी तिला एका तलावाचा अभ्यास करायचा होता आणि विभागातलं यंत्र बंद पडलं होतं. तिला शिकवणाऱ्या रीता मॅडम म्हणाल्या, "यंत्र दुरुस्त होईपर्यंत थांब." दिव्यानी थांबली नाही. मला पिशवीत घालून ती नागभीडच्या बसमध्ये बसली.

तलावाच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की कोणीतरी तिथे मोजायला जाईल, आणि मोजणाऱ्यांचा त्या गावाने चांगलाच धसका घेतला आहे. तलाव जुना, मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला जंगल. तो वाघाचा रस्ता असल्यामुळे ऊन चांगलं वर आल्याशिवाय कोणी काठावर जात नाही. पहिल्या दिवशी दिव्यानीने मला पिशवीतून काढलं आणि तिथे जाळं विणत बसलेल्या माणसाचे हात थांबले. हे वारलूभाऊ, गावातल्या मासेमारी संस्थेचे अध्यक्ष.

"काय मोजून राह्यली वो बाई?" त्यांनी विचारलं.

"पाणी किती साफ आहे ते पाहून राह्यली, भाऊ."

"आमच्याइकडं मोजणी झाली का काई ना काई जाते. जंगल मोजलं, आत जायची बंदी झाली. जमीन मोजली, तिथी खाण झाली. आता तलाव मोजता काय?"

दिव्यानीने विद्यापीठाचं पत्र दाखवलं, समजावून सांगितलं. वारलूभाऊंनी ऐकून घेतलं, पण डोळे माझ्यावरच होते. शेवटी संस्थेने ठरवलं की मुलीला तलावात जाऊ द्यायचं, पण फक्त वारलूभाऊंच्या डोंग्यातून, म्हणजे तिच्यावर लक्ष राहील. ते तिच्यावर लक्ष ठेवणार आणि मी त्यांच्यावर. असा आमचा अभ्यास सुरू झाला.

माझी उंदरांनी कुरतडलेली दोरी गाठी मारून जोडली आहे हे वारलूभाऊंची बायको कमळाबाई हिने पहिल्याच आठवड्यात पाहिलं. तिने घरून अंबाडीची दोरी आणली. अंबाडीचे दांडे पाण्यात भिजवून कुजवायचे, त्यांची साल सोलून वाख काढायचा आणि तो मांडीवर वळायचा. तिच्या हातची दोरी घट्ट आणि सारखी होती. दिव्यानीने लगेच खुणा केल्या नाहीत. नवी दोरी भिजली की आखडते, म्हणून तिने आधी ती पाण्यात भिजवली, वजन लावून ताणली आणि मगच लाल चिंध्या बांधल्या. कमळाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"पोरीले दोरीची कदर हाय," ती नवऱ्याला म्हणाली.

त्या वर्षी बायकांच्या बचत गटाला दोऱ्या आणि पिशव्या करायचं काम मिळालं होतं. गावाने बांधाबांधावर अंबाडी लावली होती. कमळाबाई गटाची पुढारी. घरोघरी अंबाडीची बोलणी चालत. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. एरवी गवताच्या पात्यावरही संशय घेणारी मी, त्या दोरीला लटकून खुशाल वरखाली करत होते.

माझा सगळा संशय वारलूभाऊंवर होता. त्याला कारणही होतं. पाऊस संपल्यापासून ते डोंगा सगळीकडे नेत, फक्त आंब्याच्या झाडांकडच्या कोपऱ्यात नेत नसत. दिव्यानी म्हणे, "भाऊ, तिकडचंही पाणी पाहू." ते म्हणत, "तिथी झुडपं हायेत, डोंगा अडकते." पुढच्या वेळी म्हणत, "आज हवा उलटी हाय." पाण्यातून वर येताना त्यांचा चेहरा मला नीट दिसायचा. ते त्या कोपऱ्याकडे बघायचे आणि घाईने वल्हं मारायचे. तिथे नक्की काहीतरी लपवलेलं आहे, याबद्दल माझी खात्री पटली. मासे मारायचं औषध असेल, चोरीचं जाळं असेल. दिव्यानी भोळी. ती मान हलवून वहीत आकडे लिहायची आणि मी दोरीवर चरफडायची.

गावाचा संशय वेगळ्याच जागी बसला होता. घाटाच्या पायऱ्यांवर बसून दिव्यानी काचेच्या बाटलीत तलावाचं पाणी भरायची आणि दोन छोट्या शिशांतून त्यात थेंब टाकायची. पाण्यात विरघळलेली हवा मोजायची ती रीत आहे. थेंब पडले की बाटलीत आधी ढगासारखं काही उठायचं आणि मग तपकिरी साका खाली बसायचा. कपडे धुणाऱ्या बायका ते बघायच्या. तिथे पोचू नावाचा एक माणूसही बसायचा. हा संस्थेचा सभासद, आवाज मोठा.

"पोरगी पाण्यात दवाई टाकते," त्याने चौकात सांगितलं.

"बाटलीत टाकते," कोणीतरी म्हणालं.

"आज बाटलीत, उद्या तलावात!"

दिवाळी झाली. आभाळ भरून आलं आणि काही दिवस ऊनच पडलं नाही. एका सकाळी दिव्यानी तलावावर आली तर घाट माणसांनी भरला होता. पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. रोहू, कतला, लहानमोठे, पायऱ्यांना लागून हलत होते. ज्या पायरीवर ती बाटल्या घेऊन बसायची, तिथेच जास्त. वारलूभाऊ गुडघाभर पाण्यात उभे होते आणि एकेक मासा उचलून पुन्हा खाली सोडत होते. ही मासळी त्यांच्या संस्थेने पिलांपासून वाढवली होती. मला त्यांची दया आली आणि तेवढ्यातही मनात आलं, नाटक तर नाही?

पोचूने दिव्यानीच्या खांद्यावरची पिशवी ओढली. "हेच ते! हे तबकडी आन् ह्या शिशा! पोलिसात देऊ."

"भाऊ, मी काई नाई केलं," दिव्यानी म्हणाली. "ते थेंब बाटलीतच राह्यतेत. तलावात मी एक थेंब नाई टाकला."

"मंग मासे काऊन मेले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर बैठक घ्यायची आणि तिथूनच नागभीडच्या ठाण्यात तक्रार द्यायला जायचं, असं ठरलं. पुरावा म्हणून मला बाटल्या-शिशांच्या पिशवीसकट संस्थेच्या खोलीत खुंटीवर टांगलं. बाजूला जाळी, वर पाल. माझा अभ्यास, माझी दिव्यानी, सगळं संपत आलं होतं. दिव्यानीचं तर शिक्षणच पणाला लागलं होतं. विष टाकणारी मुलगी म्हणून एकदा नाव झालं की तिला कोणत्या तलावावर उभं करतील? आणि आरमोरीला तिच्या आईबापाने लोकांना तोंड कसं दाखवायचं?

बैठकीला रीता मॅडम आल्या. त्यांनी दिव्यानीला बाजूला घेतलं. "हे बघ, आपण माफी मागू आणि दुसरा तलाव निवडू. तक्रार झाली तर तुझं वर्ष जाईल."

"माफी मागितली तर मीच विष टाकलं असं होईल, मॅडम," दिव्यानी म्हणाली.

पोचू मला हातात नाचवत होता. लोक तावातावाने बोलत होते. अशा वेळी वारलूभाऊ कोणाकडेही न बघता म्हणाले, "पण मरळ नाई मेली."

"काय?"

"रोहू मेला, कतला मेला. मरळ एकबी नाई. कालपासून पाहून राह्यलो. ते वर येऊन तोंड काढून राह्यली."

दिव्यानी उभीच राहिली. "भाऊ, मरळ पाण्याच्या वर येऊन हवा घेते. विष असतं तं तेबी मेली असती. पाण्यातली हवा संपली हाय! कुठी संपली ते पाहा लागते. आपण त्या आंब्याच्या कोपऱ्यात जाऊ."

वारलूभाऊंचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, सापडला! पण त्यांनी पाहिलं ते कमळाबाईकडे. कमळाबाईने पदर खोचला. "चल," ती म्हणाली, "मीबी येते."

डोंग्यात वारलूभाऊ, दिव्यानी, कमळाबाई आणि पोचूच्या हातून पिशवीसकट काढून घेतलेली मी. घाटावर सगळं गाव उभं. कोपऱ्याजवळ जाताच कुजका वास आला. दिव्यानीने मला पाण्यात सोडलं. एरवी मी कितीतरी खाली जाऊन दिसेनाशी व्हायची. तिथे पाणी काढ्यासारखं काळपट होतं. पहिली लाल चिंधी भिजायच्या आधीच मी गडप झाले. आणि खाली मला काय लागलं असेल? दांडे. दगडांखाली दाबलेले अंबाडीचे भारे, एकावर एक, साऱ्या कोपऱ्याच्या तळाशी.

म्हणजे मित्रांनो, मी ज्या दोरीला लटकले होते, तिचेच सगेसोयरे तिथे कुजत पडले होते.

"भारे आमचे होत," कमळाबाई म्हणाली. "गटाचे. दरसाल चार घरचे दोन-दोन भारे भिजत, कोणाले काई होत नाई. यंदा साऱ्या गावाचे इथी बुडवले. इथी पाणी हालत नाई, अंबाडी लवकर नरम होते."

"मंग मले येऊ काऊन नाई दिलं?"

उत्तर वारलूभाऊंनी दिलं. "विद्यापीठवाल्याईनं पाहिलं तं लिहून नेतीन आन् बंदी आणतीन, असं वाटलं. लाकडाची बंदी झाली, बांबूची झाली. बायकाईच्या हाताले आत्ता कुठी काम लागलं होतं."

असं होतं बघा! मी त्यांच्यावर डोळा ठेवून होते, ते आमच्यावर ठेवून होते, आणि ज्याच्यावर कोणाचाच डोळा नव्हता ते खाली निवांत कुजत होतं. कुजणारे दांडे पाण्यातली हवा खातात. त्यात ऊन नाही, म्हणून शेवाळानेही नवी हवा केली नाही. कोपऱ्यातले मासे गुदमरले आणि वाऱ्याने ते घाटाला आणून लावले.

पण हे डोंग्यातल्या माणसांना समजलं होतं, घाटावरच्यांना नाही. दिव्यानीने एक बाटली कोपऱ्यातल्या पाण्याने भरली, एक तलावाच्या मध्यावर. बुडबुडा राहू नये म्हणून बाटली पाण्याखाली धरूनच तिचं बूच लावलं. परत आल्यावर दोन्ही पायरीवर ठेवल्या आणि सगळ्यांसमोर थेंब टाकले. मध्यावरच्या पाण्यात तपकिरी साका बसला. कोपऱ्यातल्या पाण्यात तो उठला तसाच पांढरा राहिला.

"तपकिरी झालं म्हणजे पाण्यात हवा हाय," दिव्यानी म्हणाली. "पांढरं राह्यलं म्हणजे नाई. इथी मासा कसा जगन?"

पोचू पुढे आला. "हा तुया दवाईचा खेळ असन. कशावरून नाई?"

त्या क्षणी मला पोचू पहिल्यांदा आवडला. शंका घ्यावी तर अशी, तोंडावर.

"मंग तुमीच करा, भाऊ," दिव्यानीने शिशा त्याच्या हातात दिल्या. "फक्त हाताले लागू देऊ नका. पाणी तुमाले जिथलं पायजे तिथलं आणा."

पोचूने दोन बाटल्या घेतल्या. एक घाटापासून दूर, बांधाकडून भरली. दुसरी स्वतः डोंगा घेऊन कोपऱ्यातून भरून आणली. दिव्यानी बुचाबद्दल ओरडून सांगत होती आणि तो "समजलं, समजलं" म्हणत होता. परत येऊन त्याने थेंब टाकले. एक बाटली तपकिरी, एक पांढरी. त्याने ती पांढरी बाटली उलटसुलट करून पाहिली. मग त्याने शिशा दिव्यानीच्या हातात परत दिल्या, आणि धोतर खोचून पाण्याकडे निघाला.

त्या दिवशी सगळ्या गावाने कोपऱ्यातले भारे बाहेर ओढले. बायका, पुरुष, कमरेइतक्या काळ्या पाण्यात. रीता मॅडमही चपला काढून काठावर भारे घेत होत्या. तक्रार द्यायला कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. दिव्यानी रोज त्या कोपऱ्यात मला सोडायची आणि माझी खूण हळूहळू खाली सरकू लागली. उरलेले मासे वाचले. गटाने सांडव्याच्या खालच्या बाजूला खड्डे खणले. अंबाडी आता तिथे भिजते आणि ते पाणी तलावात येत नाही. खड्ड्याला पाणी वाहून न्यावं लागतं म्हणून काही बायका अजून कुरकुरतात. बंदी मात्र कोणी आणली नाही.

कमळाबाई दोन-तीन दिवस दिव्यानीसमोर आलीच नाही. आली ती विळा घेऊन. "ते दोरी दे. कापून टाकते. याच अंबाडीनं तलाव मारला. दुसरी नायलॉनची आणजो."

दिव्यानीने मला छातीशी धरलं. "दोरीनं काई नाई केलं, बाई. तुमी वळली म्हणून हे आजवर तुटली नाई. चला, आज तुमीच सोडा."

कमळाबाई डोंग्यात बसली. वारलूभाऊंनी डोंगा तलावाच्या मध्यावर नेला. तिने मला पाण्यावर टेकवलं आणि दोरी सोडू लागली. मांडीवर वळलेली स्वतःची दोरी ती बोटांतून सरकवत होती आणि मी खाली जात होते.

"दिसते," वरून तिचा आवाज आला. "दिसते... अजून दिसते..."

मग तिचा चेहरा मला दिसेनासा झाला. काळं, हिरवं, गार पाणी चहूकडे. मित्रांनो, मी संशयी आहे आणि तशीच राहणार. तुम्हीही राहा. पाणी नितळ दिसलं तरी आत उतरून बघा, माणूस वाईट वाटला तरी त्याच्याबरोबर डोंग्यात बसून बघा. आणि दुसऱ्याकडे बोट दाखवायच्या आधी आपण ज्याला लटकलो आहोत ती दोरी कुठून आली, एवढं तरी विचारा. तुमच्या गावातही एखादं तळं असेल. त्याच्या कोपऱ्यात काय कुजतंय ते मासे मरायच्या आधी बघा.

खाली अंधारात मी वाट पाहत होते. मला वर ओढायला त्या दोरीशिवाय काहीच नव्हतं. घटकाभर तिच्यावरही शंका घेऊन पाहिली. मग दोरी ताठ झाली आणि कमळाबाईने मला वर ओढलं.